ई की एफ

सोनबाचं पत्र आलं तेव्हा ताराचंदांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डब्यात ठेवलं आणि उत्तर उद्या लिहू म्हणाले. तो उद्या दिवाळीआधीचा. आता माघ सरत आला होता.

पत्रात अवघड काही नव्हतं. गिरडच्या पुढच्या कोलाम पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, सोनबानं लिहिलं होतं, 'माय गेली. फागुनात आमच्या रुपाचं लगन हाय. पोरीयले जुने गाणे येत नाईत. आमची डिस्क पाठवजा.' डिस्क त्यानंच घेऊन दिलेली. त्याची माय भागीरथाबाई कोलामीत लग्नाची गाणी म्हणायची आणि ग्रंथालयात जन्म काढलेले ताराचंद ती ध्वनिमुद्रित करायचे. त्या गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

घोडं अडलं होतं ते भलत्याच ठिकाणी. संगणकाला जोडायच्या या डिस्कचे त्यांनी दोन सारखे भाग केले होते; पडद्यावर ते ई आणि एफ या अक्षरांनी दिसत. एकात गाणी, दुसऱ्यात, यंत्र नीट चालतं का पाहण्याच्या निमित्तानं, त्यांनी स्वतःच्या आवाजात वाचलेल्या स्वतःच्या कविता. रुपाच्या मांडवात भोंग्यावरून चुकून आपणच सुरू झालो तर, या भीतीनं त्यांना उत्तराची पहिली ओळ सुचत नव्हती.

"कोनता भाग पुसाचा, एकदाचं सांगा," सुलोचनाबाई लॅपटॉपपुढे बसून म्हणाल्या. शाळेच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या या बाईंना यंत्राचं भय नव्हतं, नवऱ्याचा मात्र वीट आला होता.

"ई पुस. एफमंदी गाणे हायेत. चिठ्ठी लावली नं मी डिस्कवर."

"पक्कं?"

"पक्कं. म्हणजे... तसंच असंल."

"असंल काय, बाप्पा! सकाळपासून तेच करून राह्यले." त्यांनी एफमधलं सगळं आधी लॅपटॉपवर उतरवून घेतलं. "घ्या, गाण्याची नक्कल झाली. आता ई पुसतो."

"नुसतं पटकन नोको. पटकन पुसलं तर यादी फाटते, पुस्तक फळीवरच राह्यते. कोनीबी काढून वाचते."

"मालूम हाय! ती पटकनची खूण काढली मी. आता घंटे लागतीन. दाबू?"

"थांब."

"आता काऊन?"

"एक गाणं ऐकून पाहू."

सुलोचनाबाईंनी कपाळावर हात मारला. नावं पाहून काही कळायला मार्ग नव्हता. ग्रंथालयाच्या सवयीनं ताराचंदांनी दोन्हीकडे नुसते दाखल क्रमांक टाकले होते. बाईंनी चरफडत नकलेतला पहिला क्रमांक उघडला.

एक घोगरा, लाजरा पुरुषी आवाज धाम नदीच्या काठच्या बगळ्यांबद्दल बोलू लागला.

"हे कोन?"

"मी."

"तुमी? कविता?" बाईंचं बोट अजून कळीवरच होतं. त्यांनी ते चटका बसल्यासारखं उचललं. मग ई उघडून पाहिला. भागीरथाबाईंचा खणखणीत सूर खोलीभर झाला, मागे कोंबडा आरवत होता.

ताराचंदांनी डिस्कवरची चिठ्ठी जवळ नेऊन पाहिली. चिठ्ठी जुन्या संगणकावर पाहून लिहिलेली. या लॅपटॉपनं अक्षरं आपल्या मर्जीनं वाटली होती. आणि जन्मभर पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक वाचणाऱ्या माणसाला आतलं पान उघडून पाहावंसं वाटलं नव्हतं.

"एवढं शिकून चिठ्ठीवर भरोसा!" बाई कडाडल्या. "त्या पोरीच्या लगनात काय वाजवलं असतं, बगळे?"

बाईंनी गाणी लॅपटॉपवर उतरवली, दोन्हीकडची वाजवून पाहिली, गाण्यांच्या भागाला भागीरथाबाई असं नाव दिलं आणि मगच दुसरा पुसायला लावला. ते काम दुपारभर चाललं.

"लॅपटॉपवरचे माझे ते... तेही पुस," ताराचंद हळूच म्हणाले.

"नाई पुसत. मले ऐकाचे हायेत. एवढे वर्सं घरात राहून बोलला नाई माणूस!"

मग त्या चहा टाकायला गेल्या आणि ताराचंदांनी कागद ओढला. 'सोनबा, डिस्क पाठवतो. भागीरथाबाई त्यात आहेत. डिस्कमध्ये आणखी काही नाही. उशीर झाला, राग धरू नकोस. रुपाला आशीर्वाद.' वाचून पाहिलं तर फाडावंसं वाटेल, म्हणून न वाचताच त्यांनी तो डिस्कबरोबर खोक्यात घातला. वरून कापड शिवून घेतलं आणि बोरगाव मेघेच्या घरून ऑटोनं वर्ध्याच्या टपाल कचेरीत जाऊन, खिडकी मिटायच्या आत, ते पार्सल आत सरकवलं.