निरोगी आतड्याची काच

रंग मामांनीच बिघडवला, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. वीस वर्षांत एकदाही 'चुकलं' म्हणालेले नाहीत. काच फुटली तर दोष काचेचा. असल्या माणसाच्या हाती माझ्या धाकट्या भावाच्या आतड्याचा तुकडा गेला होता.

सहा महिने त्याला शौचावाटे रक्त जात होतं. सर्जन म्हणाले होते, "या तपासणीत सुधारणा दिसली तर औषधं चालू ठेवू. नाहीतर मोठं आतडं काढावं लागेल." सुधारणा कशी दिसते, ते मला कुणी शिकवायला नको. आतड्याच्या अस्तरात पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात. त्या बुळबुळीत स्राव सोडून आतून लेप देतात. लेप गेला की जंतूंना रान मोकळं. आमच्या रंगात या पेशी निळ्याशार दिसतात.

भावाचा तुकडा रंगवून लावलेल्या काचेवर एकही निळा ठिपका नव्हता.

"रंगाची बाटली कधीची?" मी विचारलं.

"परवाच भरलीय."

"गाळून?"

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "आता तू मला शिकवणार?"

चोराच्या उलट्या बोंबा! मी वहीतली तारीख पाहिली, बाटली हुंगली, वजनकाटाही तपासला. सगळं ठीक होतं, म्हणून तर संशय आणखी वाढला.

"निरोगी आतड्याची काच सोबत लावली होती?" ती निळी आली तरच रंग चांगला, हा इथला नियम.

मामा हात पुसत राहिले. "राहिली गं. माझंच चुकलं. उद्या पुन्हा करू. आज घरी जा, भावाबरोबर जेव."

सापडले एकदाचे! मी तिथूनच भावाला फोन लावला. "रंगच खराब होता रे, तुझं आतडं नाही!" तो कितीतरी दिवसांनी हसला.

मामा निघून गेले. आणखी काय काय लपवलंय बघू, म्हणून मी त्यांचा खण उघडला. चष्म्याच्या डबीखाली एक काच होती. कोपऱ्यात पेन्सिलीनं आजची तारीख, खाली 'निरोगी'.

ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. सगळीकडे निळंच निळं.

मामांनी न केलेली चूक कबूल केली होती. मी खूप रडले. मग पुन्हा भावाचा नंबर काढला.