पुतळी उभी असते ती जागा

मनीषा रामनगरच्या सर्कलवर माप घ्यायला आली, तेव्हा अनमोड घाटाच्या बाजूनं धुकं उतरत होतं. मधूनच झिमझिम यायची, मधूनच थांबायची. ती मूळची खानापूरची. रस्त्याच्या कामावरची इंजिनिअर म्हणून तिची नुकतीच जोयड्याला बदली झाली होती, आणि हे तिच्याकडं आलेलं पहिलं मोठं काम.

बेळगाव, गोवा आणि जोयडा असे तीन रस्ते जिथं मिळतात, तिथं मधोमध एक गोल कट्टा होता. कट्टा लहान, भोवतीचं डांबर ऐसपैस. त्यामुळं ट्रक वेग न मोडता कट्ट्याला खांदा घासल्यासारखे निघून जायचे. पायी माणूस एकदा या काठावरून निघाला की पलीकडं पोचेपर्यंत त्याला पाय टेकायला जागा नव्हती. हे सगळं तिला नव्यानं आखायचं होतं.

ती टेप उलगडत असताना समोरच्या हॉटेलातला उमाजी स्वतःच चहा घेऊन आला.

"मॅडम, सगळीकडं माप घ्या. खरं त्या गोव्याच्या अंगाला जरा जपून."

"का? गाड्या जोरात येतात म्हणून?"

"गाड्या येत्यातच की. खरं तिथं पुतळी उभी असती."

कुणी वेडीबिडी बाई आहे का, असं मनीषानं विचारलं. उमाजीनं नकारार्थी मान हलवली. पुतळी जोयड्याकडच्या रानातल्या गावची. पावसाळ्यात अळंबी आणि बांबूचे कोवळे कोंब घेऊन बाजाराला यायची. गेल्या श्रावणात परतीची गाडी धरायला निघाली आणि मध्येच अडकली. पुढून बस, मागून ट्रक. मागं फिरायला जागा नाही, पुढं जायला वाट नाही. डोक्यावरची पाटी तेवढी कट्ट्यावर जाऊन पडली.

"तवापासनं डायवर लोकास्नी दिसती. खांद्यावर गाठ मारलेलं लुगडं, डोक्यावर पाटी. मी न्हाई बगितली अजून," असं म्हणून उमाजीनं सर्कलकडं पाठ केली आणि रिकामा ग्लास घेऊन गेला.

मनीषा हसली नाही. आल्यापासून ती एक गोष्ट बघत होती. गोव्याकडून येणारी प्रत्येक गाडी एका ठिकाणी आली की हॉर्न द्यायची आणि किंचित बाहेर वळण घ्यायची. समोर काही नसायचं. ट्रक तसाच, जीप तशीच, मोटरसायकलवाला सुद्धा तसाच. ती जवळ गेली. बाकीचं डांबर चाकांनी घासून काळंभोर झालं होतं. तेवढ्या तुकड्यावर मात्र गाळ साचला होता, सागाची कुजकी पानं चिकटली होती, कडेनं शेवाळ धरलं होतं. होडीच्या आकाराची ती जागा. भर रस्त्यात, आणि कित्येक दिवसांत तिच्यावरून एकही चाक गेलेलं नव्हतं.

चालणाऱ्याला इथून काय दिसतं हे बघायला पाहिजे, असं स्वतःला सांगून ती त्या गाळावर जाऊन उभी राहिली.

डावीकडून एक ट्रेलर आला, उजवीकडून बस. दोन्हींच्या मध्ये ती. वाऱ्यानं ओढणी चाकाकडं ओढली जात होती. आणि त्याच वेळी शेजारून कच्च्या बांबूच्या कोंबांचा उग्र, ओला वास आला.

"जाऊया काय गे आता?" कुणीतरी विचारलं. आवाज थकलेला होता, पण घाबरलेला नव्हता.

"थांबा जरा, बस जाऊ दे," मनीषा म्हणाली. बस गेली. तिनं वळून पाहिलं. तिच्या बुटांच्या खुणा सोडल्या तर गाळ कोरा होता.

टेप तिथंच टाकून ती उमाजीच्या बाकावर येऊन बसली. उमाजीनं पाण्याचा ग्लास पुढं ठेवला. पंखा चालू केला आणि जवळच उभा राहिला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच बाकावर तिला लखू भेटला. पुतळीचा नवरा. वाळलेला, कमी बोलणारा माणूस. दर बाजाराला येऊन सर्कलकडं बघत बसायचा. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी ठरवलं होतं, रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधी घाटाखालचा भुतं बांधणारा जाणता आणून पुतळीला तिथल्या तिथं बांधून टाकायचं.

"बांधल्यावर ती तिथंच ऱ्हाणार न्हवं?" लखू म्हणाला. "ती कुणाला धरत न्हाई, बाय. तिला पलीकडं जायचं हाय. इतकंच."

मनीषाच्या तोंडावर आलं होतं, की मी तिचा आवाज ऐकला. पण ते तिनं आतच ठेवलं. त्या माणसानं दर आठवड्याला डोळे ताणून बघावं, त्याला काही दिसू नये, आणि आपण उपरी असून ऐकावं, याची तिला लाज वाटली.

"मामा, व्यापाऱ्यांना सांगून त्या जाणत्याला थोडं थांबवा," ती म्हणाली. "आधी मला एकदा रस्ता आखून बघू दे."

आखणी तिच्या मनात तयार होती. तिन्ही रस्त्यांची तोंडं अरुंद करायची, म्हणजे गाडीला वेग मोडावाच लागेल. कट्टा थोडा वाढवायचा, त्याचा काठ इतका उतरता ठेवायचा की लांब ट्रेलरची मागची चाकं त्यावरून जातील. बसथांबा तोंडावरून काढून पुढं न्यायचा. आणि पायी माणसाला मध्ये थांबायला उंच, सुरक्षित बेट. गोव्याच्या बाजूचं बेट कुठं घ्यायचं हे तिला नव्यानं शोधावं लागलं नाही. त्या गाळाच्या कडेनंच तिनं चुना ओढला.

काँक्रीट ओतण्याआधी वाळूची पोती मांडून एक दिवस चालवून बघायचं ठरलं. सकाळपासून बाजार गोळा झाला. ट्रक अडकणार, गिऱ्हाइक तुटणार, असं जो तो बोलत होता. पहिला ट्रेलर कुरकुरत, हळूहळू वळला आणि निघून गेला. दुसराही गेला. बडबड कमी झाली. पण पायी कुणी उतरेना. सगळे काठावर उभे राहून त्या पोत्यांच्या बेटाकडं बघत होते.

लखू उठला. धोतर सावरून, रस्ता ओलांडायला चुन्यानं आखलेल्या पट्ट्यावर उतरला आणि सरळ बेटावर जाऊन थांबला. गोव्याकडून एक ट्रक येत होता. अरुंद तोंडाशी तो हळू झाला, आणि पट्ट्यापाशी पूर्ण थांबला. लखूनं डाव्या बाजूला मान वळवून काहीतरी सांगितलं. काय ते कुणालाच ऐकू आलं नाही. मग ओझेवाल्या माणसाला आधार द्यावा तसा हात अंगापासून थोडा लांब धरून तो चालायला लागला. सावकाश. त्याच्या नेहमीच्या चालीपेक्षा सावकाश.

तो पलीकडच्या काठावर चढला, हात मागं तसाच धरून. ट्रक मात्र हलला नाही.

मनीषानं ड्रायव्हरला हातानं खूण केली, चला म्हणून. ड्रायव्हर परमुलखातला, दाढीवाला माणूस. इथलं त्याला काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यानं काचेतून तळहात दाखवला. थांबा. त्याची नजर रिकाम्या पट्ट्यावरून हळूहळू पुढं सरकत होती, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पावलानं. ती काठापाशी पोचली, तेव्हा त्यानं नमस्कारासाठी हात कपाळाशी नेला आणि गियर टाकला.

उमाजीनं डोक्याचा रुमाल काढून हातात धरला होता.

दसऱ्यानंतर काँक्रीट झालं. आता त्या जागी कुणी हॉर्न देत नाही. तोंडच अरुंद, म्हणून गाड्या आपोआप हळू होतात. शाळेच्या पोरी बेटावर थांबून गप्पासुद्धा मारतात. जाणत्याला कुणी परत बोलावलं नाही. मनीषा मात्र कामानिमित्त आली की त्या बेटावर एकटी उभी राहायचं टाळते.

थंडीत एकदा, बऱ्याच दिवसांनी बाजाराला आलेला लखू तिला कट्ट्याजवळ भेटला. खांद्यावर रिकामं पोतं होतं.

"मामा, ती घरी आली का हो?" तिनं धीर करून विचारलं.

लखूनं बेटाकडं बघितलं.

"न्हाई आली. वाट बघितली मी. चूल विझू दिली न्हाई कैक दिवस." मग पोतं दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, "काठावर चढली तवा हात हलका झाला माझा. तितकंच कळलं. म्होरं कुटं गेली, ठावं न्हाई, बाय."

जोयड्याची गाडी आता कुठं थांबते, ते त्यानं विचारलं. मनीषानं पुढचा नवा थांबा दाखवला. तो पट्ट्यावर उतरला, एक जीप थांबली, आणि तो एकटाच, भरभर पाय उचलत पलीकडं गेला.