मंगळवारचं पॉवरऑफ

"पडली म्हंजे? आपोआप पडली?" आदिनाथभाऊंनी चहाचा कप टेबलावर ठेवला.

"तीनदा बंद पडली मशीन, भाऊ. लोड आला की बसतीय. डेबियनचं काय खरं न्हाई," वैजनाथ म्हणाला, आणि कोपऱ्यात बसलेल्या सुकन्याकडे बघायचं त्याने टाळलं.

शेवगावातून सोळा खेड्यांना इंटरनेट पुरवणारी ही आदिनाथभाऊंची कंपनी. गिऱ्हाइकांची लॉगिनं सांभाळायला सहा सर्व्हर. त्यांवरच्या सेंटओएस नावाच्या लिनक्सला अपडेट यायचे बंद झाले होते, तेव्हा दुसरं लिनक्स निवडणं भागच होतं. सर्व्हर सांभाळणाऱ्या वैजनाथला रॉकी नावाचं हवं होतं. ते सेंटओएसच्याच घराण्यातलं, कमांडाही त्याच. पण दोन जुन्या मशीनवर ते बसेना, म्हणजे नव्या घेणं आलं. नव्यानेच लागलेल्या सुकन्याने मग त्यातल्याच एकीवर डेबियन हे वेगळं लिनक्स टाकलं आणि बोधेगावची सगळी कनेक्शनं तिच्यावर सोडली. एकोणीस दिवस मशीनने हूं की चूं केलं नाही. मंगळवारी पडली.

पडली कसली! वैजनाथनेच बंद केली होती.

अकरा वर्षांपूर्वी आधीच्या इंजिनिअरने दिलेल्या वहीतल्या कमांडा त्याने पाठ केल्या होत्या, त्यावरच गाडा चालला होता. इंग्रजी मॅन्युअल कधी उघडून बघितलं नाही. मंगळवारी सुकन्या जेवायला गेल्यावर तो गुपचूप तिच्या डेबियनच्या मशीनवर बसला आणि सेंटओएसची पाठ असलेली कमांड मारली. 'अशी कमांड नाही,' मशीनने उत्तर दिलं. पुन्हा मारली. सात वेळा मारली. ज्याला सगळं ऑफिस 'सर' म्हणतं, त्याला साधं एक सॉफ्टवेअरचं पॅकेज टाकता येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. त्याच तिरीमिरीत त्याने मशीन बंद केली. बोधेगावातून फोनावर फोन यायला लागले, तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच ओरडला, "बघा, पडली!" एकदाच बंद केलेली ती मशीन आज भाऊंपुढे त्याच्या तोंडी तीनदा पडली.

"मग रॉकीच टाकू," भाऊ म्हणाले. "दोन मशीन नव्या घ्यायच्या तर एक मानूस कमी करावा लागंल. सुकन्या, तुला अजून कायम केलेलं न्हाई. तुला काय म्हनायचंय?"

वैजनाथला वाटलं, आता ही बोलणार.

"सर म्हनतेत, तर तसंच असंल," सुकन्या म्हणाली.

जिन्यात त्याने तिला गाठलं. "तू लॉग बघितला न्हाई का?"

"बघितला ना, सर."

"मग?"

"तुमच्या नावानं मशीन बंद केल्याची नोंद हाय त्यात. आधीच्या सात कमांडा पन हायेत."

वैजनाथचे कान तापले. "मग बोलली का न्हाईस भाऊंपुढं?"

सुकन्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिली. "आमचे दादा ऊस तोडायला जायचे. एकदा मुकादमानं साऱ्या टोळीदेखत त्यांची चूक काढली. आठ दिस भाकर खाताना मान वर केली न्हाई त्यांनी. मला न्हाई जमत, सर, कुनाचं तसं करायला." मग म्हणाली, "सुप्याच्या एमआयडीसीत बघते काय मिळतंय का."

तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती आत गेली, आणि आपल्यामागे सरांची अडचण नको म्हणून सगळ्या मशीनची माहिती मराठीत लिहायला बसली. ते दारातून बघितलं आणि वैजनाथला स्वतःची किळस आली. तो तसाच माघारी फिरला आणि भाऊंच्या केबिनमध्ये शिरला.

"भाऊ, मशीन पडली न्हाई. मी पाडली."

सगळं सांगितलं. सात वेळा मारलेली कमांडसुद्धा सांगितली.

"आरं लेका, येत नव्हतं तर सांगायचं की!"

"लाज वाटली, भाऊ."

"आन त्या पोरीचं पोट मारताना?"

भाऊंनी सुकन्याला हाक मारली. "तू कुठं जायचं न्हाई. साही मशीनवर डेबियनच टाकायचं. आन ह्याला शिकव."

सर्व्हरच्या खोलीत खुर्ची एकच. वैजनाथने ती तिच्यापुढे सरकवली.

"तुमी बसा, सर."

"आगं, शिकवनारी तू."

ती काही केल्या बसेना. शेवटी तोच बसला. तिने एकेक अक्षर सांगितलं, त्याने ते एका बोटाने दाबलं. मशीनने पहिल्या झटक्यात ऐकलं. "जमलं की, सर," ती म्हणाली. त्याला मान वर करता येईना. ती शेजारी उभी राहून पुढची कमांड सांगत होती, आणि बाहेर बसलेल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलत होती.