उभी ठेवलेली बाटली

द्राक्षमळ्यांच्या मधोमध वसलेल्या त्या लहानशा गावात जुनं हॉटेल एकच. पूर्वी तिथे घोडागाड्या थांबायच्या, आता मोटारी थांबतात, एवढाच काय तो फरक. जिना अजून लाकडीच, आणि असा कुरकुरतो की चोरसुद्धा लाजून परत फिरेल. खोलीच्या किल्लीला लाकडाचा हा एवढा ठोकळा, कुणी चुकून घरी नेऊ नये म्हणून.

सुगरणबाई नवऱ्यामागून तो जिना चढत होत्या. सुगरणबाई हे गल्लीनं ठेवलेलं नाव, आणि उगीच ठेवलेलं नव्हे. नवरा छापखान्यात मशीनवर. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली वाइनची बाटली होती, तान्ह्या बाळासारखी धरलेली.

लग्नानंतर दोघं इथेच येऊन राहिले होते. नव्या जोडप्याला एक बाटली भेट द्यायची आणि त्यांनी ती वर्षानुवर्षं सांभाळून, परत इथेच येऊन, भरल्या जेवणघरात उघडायची, ही या हॉटेलची रीत. पहिला घोट बायकोनं घ्यायचा आणि कशी आहे ते सांगायचं. ती बोलेपर्यंत मालकिणीनंही तोंड उघडायचं नाही.

आणि इथेच तर घोडं अडलं होतं. हिवाळ्यातल्या तापानंतर सुगरणबाईंना वास येईनासा झाला होता. फोडणी करपली तरी पत्ता लागत नव्हता. "येईल, नाहीतर नाही येणार," असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे काय कप्पाळ सांगितलं? बाईंनी कुणाला कळू दिलं नाही. हाताला सवय होती, त्यावर निभत होतं. पण सोमवारी नवरा राजीनामा देणार होता. त्याला खानावळ काढायची होती, बायकोच्या भरवशावर. उभ्या जन्मात त्या माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते नेमकं हेच! आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

"अगं, एवढी गप्प का?"

"जिन्यानं दम लागला."

"मग आपली खानावळ खालच्या मजल्यावरच बरी," तो खुशीत म्हणाला.

संध्याकाळी जेवणघर भरलं. मालकीणबाईंनी घंटी वाजवली, बूच काढलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. पण रीत म्हणजे रीत, त्या गप्प राहिल्या. सुगरणबाईंनी घोट घेतला. जीभ आंबटानं आकसली, बाकी काही नाही. आयुष्यात त्यांनी वाइन एकदाच घेतली होती. आंबट तर असायचीच, असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

"अहाहा! काय सुगंध आहे! फुलांचा ताटवाच जणू!"

नवऱ्यानं मोठा घोट घेतला आणि त्याला असा ठसका लागला की शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ पाठ चोळायला धावले.

"बाटली उभी ठेवली होती ना?" मालकीणबाईंनी विचारलं. "आडवी ठेवा म्हटलं होतं. बूच वाळतं, आत हवा जाते. याचं व्हिनेगर झालंय."

नवऱ्याचा चेहरा पडला. आडवी ठेवली तर पाहुण्यांना लेबल दिसणार कसं, म्हणून त्यानंच ती शोकेसमध्ये उभी केली होती, आणि दर रविवारी पुसलीही होती. मग त्यानं बायकोकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"माझी चूक झाकायला एवढं आंबट गिळलंस? वर सुगंधही म्हणालीस?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाईंनी डोळे टिपले. घ्या! खोटेपणाचं इतकं कौतुक कुणाचं झालं नसेल. नुसतं हसायचं, की झालं. पण तो ज्या विश्वासानं बघत होता, तो बाईंना सोसवेना. टाळ्या थांबून लोक आपापल्या ताटाकडे वळल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अहो, मी काही झाकलं नाही. मला वासच येत नाही. हिवाळ्यापासून."

त्यानं पेला खाली ठेवला. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला खानावळ हवी होती."

"खड्ड्यात गेली खानावळ! तू एकटी घाबरत बसलीस, आणि मी तिच्या भिंतींना रंग कोणता द्यायचा ते ठरवत होतो!" त्याचा आवाज फुटला. बाईंना रडू आवरेना. त्यानं टॉवेल पुढे केला, बाटलीचाच.

नाक पुसून, पेला त्याच्यापुढे सरकवत बाई म्हणाल्या, "वास कसा आहे हो याचा?"

"बरा आहे."

"जन्मभर 'बरं' म्हणूनच जेवलात. आज नीट सांगा."

शाईशिवाय ज्या नाकाला काही ठाऊक नव्हतं, ते त्यानं पेल्यात घातलं. "आंबलेला. ओल्या पोत्यासारखा. आणि... थांब हं... तळाशी मनुका. आपल्या चपट्या डब्यातल्या."

बाईंनी डोळे मिटले. डबा आठवला, झाकण आठवलं, आणि क्षणभर मनुकाही.

"आता हा पाव," त्याला हुरूपच आला. "मशीनमधून नुकता निघालेला गरम कागद असतो ना, तसा."

"मला काय माहीत गरम कागद?"

"मग सोमवारी ये छापखान्यात."

"सोमवारी तर तुम्ही राजीनामा..."

"ये म्हटलं ना."

"पण मला तिथेही वास येणार नाही हो."

"नसू दे," तो पावाचा तुकडा तिच्या ताटात ठेवत म्हणाला. "मी सांगेन."