झाडाला टांगलेलं टपाल

टपालाची पिशवी सापडली म्हणून कॉपर फोर्कची सगळी वस्ती प्रुइटच्या दुकानात गोळा झाली होती. खिंडीखालच्या पाइनच्या झाडाला ती टांगलेली होती. कुलूप शाबूत, पट्ट्याला नीट गाठ. प्रुइट तिथला पोस्टमास्तरही. तो पिशवी शेगडीजवळ वाळवत होता आणि जो तो म्हणत होता, अन्सेल इमानी गडी, जाता जाताही सरकारी माल सांभाळून गेला.

‘जाता जाता’ हे शब्द थर्झाच्या काळजात रुतले. अन्सेल तिचा नवरा. खिंडीपलीकडे टपाल नेण्याचं कंत्राट त्याचं. बर्फात अडकलेला डाकवाला पिशवी झाडावर चढवून ठेवतो, हे कोलोरॅडोच्या त्या डोंगरात शेंबडं पोरही जाणत होतं. पिशवी मिळाली म्हणजे माणूस गेला, असं सगळ्यांनी धरून टाकलं. वादळ निवळलं की प्रेत आणू, असंही ठरलं.

तान्ह्याला थोपटत तिने पिशवी आणणाऱ्या हाल्वरला विचारलं, फांदी किती उंच होती?

“दोन्ही हात वर करून काढली, बाई.”

म्हणजे अन्सेल पायांवर उभा होता. आणि थिजलेल्या बोटांनी अशी गाठ बसत नाही. तिथून जवळच एक बंद पडलेली खाण होती. ओझं टाकून तो तिकडेच वळला असणार. तिने हे बोलून दाखवलं, तर बायका वेडीची समजूत काढावी तशा पाठीवरून हात फिरवू लागल्या.

तशी ती प्रुइटकडे वळली. पिशवी पलीकडे कधी जाणार? तो चाचरला. खेप चुकली तर वर कळवणं त्यालाच भाग होतं, मग कंत्राट दुसऱ्याच्या घशात. पण शपथ घेतल्याशिवाय पिशवीला कोणी हात लावायचा नाही, असा कायदा.

“मग मला द्या शपथ.”

“अगं पोरी, अंगावर पितं लेकरू तुझं.”

“ते तुमच्या बायकोपाशी ठेवते. माणसासाठी कुणी जाईना. टपालासाठी तरी त्या खाणीवरून जावंच लागेल ना?”

हाल्वर उठला.

“बायबल आणा इकडं. मी नेतो.”

त्याने शपथ पुटपुटली, पिशवी खांद्याला लावली आणि कुणासाठी ते न सांगता दोन घोंगड्या मागून घेतल्या. थर्झाने अन्सेलचे लोकरी मोजे पट्ट्याखाली खुपसले. टपालासोबत दुसरं काही न्यायला बंदी होती. प्रुइट तेवढा वेळ चष्मा पुसत बसला.