एका रात्रीचे पाहुणे

बेलग्रेडची गाडी समुद्रकाठच्या आमच्या बार गावाला सकाळी सातला यायची. सात ही वेळापत्रकातली वेळ, खरी गाडी नऊ वाजल्याशिवाय दिसायची नाही. आम्ही सहा-सात बायका फलाटाच्या टोकाला पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन उभ्या राहायचो. पाटीवर 'खोल्या' एवढंच, पण चार भाषांत. उन्हाळाभर पाठीवर ओझी घेतलेली पोरं उतरायची आणि आम्ही त्यांना आपापसांत वाटून घ्यायचो.

आमच्याकडे कायदा असा की, परका माणूस घरात झोपला तर चोवीस तासांत त्याचं नाव पोलिसांकडे लिहून द्यायचं. मी अक्षरं शिकले बेचाळिसाव्या वर्षी, मुलीच्या वहीत गिरवून. तो कागद भरायला मला अर्धा तास लागायचा. पण आळस माझ्या एकटीचा नव्हता. आमच्या सगळ्या गल्लीची रीतच होती, एका रात्रीच्या पाहुण्याला कोणी लिहीत नसे. सकाळी उठून जाणाऱ्याचं काय लिहायचं, असं सगळ्याच म्हणायच्या.

त्या जुलैत ती तिघं उतरली. स्लोवाकियातल्या कोशित्से गावची, कॉलेजातली. पावोल उंच आणि कुरकुरा, ल्युबा नावाची मुलगी, आणि तिबोर. तिबोरचं नाक उन्हाने सोललेलं होतं. त्यांची भाषा आमच्या भाषेची चुलत बहीण. हळू बोललं की कळते.

"किती रात्री राहणार?" मी विचारलं.

"एक," पावोल म्हणाला.

"दोन," ल्युबा म्हणाली.

तिबोर म्हणाला, "आजी, आधी समुद्र बघू द्या, मग सांगतो."

"याला काही विचारू नका," ल्युबा म्हणाली. "बुडापेस्टला एक दिवस म्हणाला आणि चार दिवस गरम पाण्याच्या कुंडातून बाहेर निघाला नाही."

"आणि बेलग्रेडला गाडी कोणाच्या केसांमुळे चुकली?"

"चुकली तर चुकली. दुसरी होती ना."

वाटेत त्यांनी मला आपला नियम सांगितला. नियम एकच, कोणी कोणाची वाट बघायची नाही. ज्याला राहावंसं वाटेल तो राहील, ज्याला जावंसं वाटेल तो जाईल. पुढच्या गावात स्टेशनसमोर रोज दुपारी बाराला उभं राहायचं. भेटला तर बरं.

"आणि नाही भेटला तर?"

"तर त्याच्या पुढच्या गावात," पावोल म्हणाला.

माझा नवरा जहाजावर होता. लग्नापासून तो वारेपर्यंत मी वाटच बघत बसले. त्यामुळे त्या पोरांचा नियम मला आवडला. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्राक्षांच्या मांडवाखाली मी त्यांना कॉफी, पाव आणि चीज दिलं. संध्याकाळी इटलीला जाणारी बोट होती. पावोल आणि ल्युबाने तीच धरायचं ठरवलं. तिबोर मात्र मान वर करून डोंगर बघत बसला होता.

"आजी, हा कुठला?"

"रुमिया."

"वर काय आहे?"

मी सांगितलं. उन्हाळ्याच्या तोंडाला आमचा एक सण येतो. त्या दिवशी जुना क्रूस घेऊन लोक पहाटे त्या डोंगरावर चढतात. आम्ही ऑर्थोडॉक्स, खालचे कॅथलिक, मुसलमान, सगळे एकामागे एक. प्रत्येकाच्या हातात एक दगड. तो वर नेऊन ठेवायचा. पुरेसे दगड जमले की तिथलं पडलेलं देऊळ आपोआप उभं राहील म्हणतात.

"तुम्ही किती नेलेत?"

"एकोणतीस."

"मग तिसावा मी नेतो."

पावोल म्हणाला, "डोंगर चढायला आपल्या घरी कमी आहेत का? मी समुद्रासाठी आलोय."

"तू जा की. तुला कोणी धरून ठेवलंय?"

"नेपल्सला, बाराला," ल्युबा म्हणाली. "आणि अंघोळ करून ये."

तिबोरने मला वाट विचारली. मी हात वर करून म्हटलं, "वाट कसली, जुन्या गावाच्या मागून सरळ वर. मी म्हातारी जाते, तुला काय होतंय." त्याने मोठी पिशवी मागच्या खोलीत ठेवली, लहान घेतली. उद्या नाही तर परवा येतो म्हणाला, कदाचित पलीकडे तळ्याकडे उतरेन, म्हणजे तेरवा. त्या दोघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी ती बोटीने गेली.

मी कोणालाच लिहिलं नाही. तिघंही एकाच रात्रीची होती.

पोरं माझ्याकडे पिशव्या ठेवून जायचीच. एक डॅनिश मुलगी चपला विसरून गेली आणि वर्षाने येऊन घेऊन गेली. म्हणून तिसऱ्या दिवशी मला काही वाटलं नाही. चौथ्या दिवशी वाटलं. मागच्या खोलीत कांदे काढायला गेले आणि ती पिशवी दिसली. मी तशीच शेजारी वुकोसावाकडे गेले. ती अंगणात मिरच्या निवडत होती.

"पोलिसांकडे जाऊन येते," मी म्हटलं. "तो डोंगरावर गेलेला पोरगा आला नाही."

"आणि काय सांगशील? तो तुझ्याकडे होता म्हणून? लिहिलंस का त्याला?"

"नाही."

"मग? तुझी पाटी तर जाईलच, आमच्याही घरांत शिरतील. कोणाकोणाला लिहिलं नाही ते विचारतील. अगं, तो तळ्याकडे उतरला असेल. तिथे कोळ्यांकडे मासे खात बसला असेल, एखादी पोरगी घेऊन. या पोरांना तुझी आठवण तरी आहे का?"

"पिशवी?"

"पिशवीचं काय. येईल आणि नेईल."

मी तिच्याबरोबर बसून मिरच्या निवडल्या. मला तिचं पटलं होतं असं नाही. पटवून घ्यायचं होतं.

पुढचं मला नंतर कळलं. पावोल आणि ल्युबा नेपल्सला पाच दिवस बाराला स्टेशनसमोर उभे राहिले. मग त्यांना वाटलं, हा पुढे गेला, रोमला भेटेल. रोमला वाटलं, हा मागे राहिला. त्या वेळी परदेशात मोबाइल चालवायला त्यांना परवडत नसे. दर आठवड्याला एखाद्या दुकानात संगणकावर बसून त्याला चिठ्ठी पाठवायची. उत्तर आलं नाही की, "बघ, मजा करतोय." घरच्यांना वाटत होतं तिघं एकत्र आहेत. ऑगस्टमध्ये दोघं घरी पोचली तेव्हा कोशित्सेच्या स्टेशनवर तिबोरचे वडील तिघांना न्यायला आले होते.

ऑगस्टच्या शेवटी आमच्या गल्लीत निकशा आला. चाळिशीचा पोलीस, माझ्या मुलाच्या वर्गातला. प्रत्येक दारात फोटो दाखवत होता. त्या पोरांना घराचा पत्ता सांगता आला नव्हता. स्टेशनपासून वर, मांडव असलेलं घर, एवढंच. मांडव तर इथे सगळ्यांकडेच आहेत.

"काकू, जुलैत हे तिघं तुमच्याकडे होते का?"

वुकोसावा तिच्या दारातून माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं.

"दोघं म्हणतात तिसरा डोंगरावर गेला, पण नोंदवहीत तर तिघं कुणाकडेच नाहीत. मग बारला उतरले तरी होते का, देव जाणे. तसं कळवून टाकतो." त्याने माझ्या हातची कॉफी घेतली आणि गेला.

चार दिवसांनी बेलग्रेडच्या गाडीतून एक माणूस उतरला. जाड, केस पांढरे, रेल्वेतल्या लोकांसारखा पायरीवरून उलटा उतरणारा. त्याच्याकडेही तोच फोटो होता. तो आमच्या रांगेतून एकेकीपुढे उभा राहिला. बायका मान हलवून पाट्यांमागे तोंड लपवत होत्या. माझ्यापुढे आला तेव्हा मी फोटोकडे बघितलंच नाही. विचारलं, "खोली हवी का?"

तो माझ्याबरोबर आला. नाव गेझा. इंजिन चालवायचा. वाटेत सांगत होता, मित्र सांगतात पोरगा डोंगरावर गेला, पण बायको म्हणते तो इटलीत आहे. नोंद नाही म्हणजे तो बारला राहिलाच नाही, थेट बोटीत बसला आणि तिकडे कोणाच्या तरी प्रेमात पडला. मित्रांना चकवतोय, दुसरं काय. ती त्याची खोली रंगवते आहे.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटणार, बाई. मी बघायला आलोय."

त्याला मांडवाखाली बसवून मी मागच्या खोलीत गेले आणि पिशवी आणली. टेबलावर ठेवली. त्याने बंद सोडला, एक सदरा काढला आणि पुन्हा घडी करून आत ठेवला. मग बंद बांधला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. सगळं. डोंगर, मिरच्या, निकशा. तो हळू बोला म्हणाला, म्हणून मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागली.

आम्ही तसेच निकशाकडे गेलो. तो माझ्यावर ओरडला नाही. कपाळावर हात मारून घेतला आणि फोन लावला. दुसऱ्या दिवशी डोंगरावरचे शोधपथकाचे लोक आले, आठजण, दोर आणि दोन कुत्री घेऊन. त्यांचा म्होरक्या वेसेलिन म्हणून होता. त्याने मला नकाशा दाखवला.

"काकू, कुठल्या वाटेने पाठवलंत त्याला?"

"सरळ वर. सणाला जातो ती."

"पण जुन्या गावामागे तीन फाटे आहेत. यातला कुठला?"

मला माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षं मी पुढच्याच्या पाठीकडे बघत चढले होते. त्या दिवशी एवढी माणसं असतात की वाट शोधावी लागत नाही. पाणीसुद्धा खेचरांवर पुढे गेलेलं असतं. एकटं जाणाऱ्याला तिथे पाणी मिळत नाही, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

मी त्यांच्याबरोबर पहिल्या फाट्यापर्यंत गेले. मला वाटलं, बघितल्यावर आठवेल. आठवलं नाही. सगळीकडे पांढरा दगड, काटेरी झुडपं आणि मध्ये मध्ये भोकं, विहिरीएवढी, काही त्याहून लहान, गवताने झाकलेली. वेसेलिनने एकात खडा टाकला. आवाज यायला वेळ लागला.

ते सहा दिवस शोधत होते. सापडलं काहीच नाही. कुत्री पहिल्याच दिवशी बसून राहिली. वास कधीचाच उडाला होता. सहाव्या दिवशी दुपारी दोर गुंडाळताना वेसेलिन आपल्या माणसांशी भरभर बोलला. गेझा माझ्याकडे वळला.

"काय म्हणतोय तो?"

उद्या पुन्हा बघू म्हणतोय, असं मी सांगू शकले असते. त्याला कळलं नसतं.

"म्हणतोय, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर आशा होती. अशी भोकं चारशेच्या वर आहेत. आता कुठल्या कुठल्यात उतरायचं."

गेझाने मान हलवली. "चौथ्या दिवशी," तो म्हणाला. मला वाटत होतं त्याने मला शिव्या द्याव्यात. त्याने फक्त बुटातला खडा काढला.

खाली आल्यावर तो म्हणाला, "तिला सांगायला हवं." आम्ही पोस्टात गेलो. तिथे काचेच्या फोनच्या खोल्या होत्या. तो एकीत शिरला, मी बाहेर उभी राहिले. तो बराच वेळ बोलत होता. मग बोलायचा थांबला आणि नुसता ऐकत राहिला. मग त्याने दार उघडून फोन माझ्याकडे धरला.

"माझं ऐकत नाही. तुम्ही सांगा. तुमच्या घरी होता ना."

मी फोन घेतला. पलीकडे बाईचा आवाज होता, रडका नाही, कामात असलेल्या बाईसारखा.

"मी स्टाना," मी हळूहळू म्हटलं. "तिबोर माझ्या घरी झोपला होता. सकाळी पाव-चीज खाल्लं आणि डोंगरावर गेला. त्याची पिशवी इथे आहे. मी कोणाला सांगितलं नाही. चूक माझी आहे."

"कुठल्या रात्री?" तिने विचारलं.

मी तारीख सांगितली.

"पोलिसांनी आम्हाला कागद पाठवलाय," ती म्हणाली. तीही हळू बोलत होती, मला कळावं म्हणून. "त्यात लिहिलंय, बारमध्ये त्या नावाचा कोणी राहिला नाही. तुम्ही त्याला लिहून दिलं होतं का?"

"नाही."

"मग तो दुसरा कोणी असेल, आजी. पोरं सगळी सारखीच दिसतात. पिशव्याही सारख्याच असतात."

"त्याचं नाक सोललेलं होतं," मी म्हटलं.



"उन्हाळ्यात सगळ्यांचंच सोलतं," ती म्हणाली आणि मग मला म्हणाली की, गेझाला घरी पाठवा, सुट्टी संपत आली आहे, आणि इटलीतल्या वकिलातीचा पत्ता त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे, त्याला सांगा.

मी फोन ठेवला आणि त्याला तसं सांगितलं.