मारेल तो आणेल

चेंडू पायावरून सुटला तेव्हाच तुळशीरामला कळलं की घोटाळा झाला. गोलाच्या बांबूवरून, शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीवरून तो गेला आणि सत्यभामाबाईंच्या ज्वारीत पडला. खेळ थांबला. कोणी हसलं नाही.

त्या ज्वारीत अस्वल होतं. पंधरवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. सातपुड्यातून उतरलंय, असं म्हणत. पाहिलं कोणीच नव्हतं, पण दिवस कलला की त्याची गुरगुर मैदानावर साऱ्यांनी ऐकली होती.

सातपुडा फुटबॉल क्लबचा इतिहास काही मोठा नव्हता. महाराष्ट्र झाला त्या वर्षी जळगाव जामोदला एक हौशी मास्तर आले, त्यांनी क्लब काढला आणि वर्षभरात बदली होऊन ते गेलेही. मागे राहिले बांबूचे दोन गोल आणि एक नियम : मारेल तो आणेल. पहिला चेंडू विहिरीत गेला, दुसरा काट्यानं फुटला. हा तिसरा, आणि शेवटचा. उद्या मलकापूरचा संघ येणार होता. बाहेरगावच्या कोणी या क्लबला खिजगणतीत धरण्याची ही पहिलीच वेळ.

"जाय बे," कप्तान शेषराव म्हणाला. "नियम हाय."

"सकाळी गेलो तं?"

"सकाळी मलकापूरवाले येऊन राह्यले. त्यायले काय अस्वल दाखवू?"

तुळशीराम निघाला. ज्वारी त्याच्या डोक्यावरून हातभर उंच होती. चार पावलांत मैदान दिसेनासं झालं. मारुतीचं स्तोत्र म्हणावं तर तेही अर्ध्यात विसरलं.

तेवढ्यात गुरगुर आली, अगदी जवळून.

तो पळाला. पण भेदरलेल्या माणसाला दिशा कुठली असते? तो आवाजाच्याच अंगावर गेला. पायाखाली काहीतरी फुटलं आणि तो आडवा झाला.

"पुढं येशीन तं विळा घालीन!"

समोर सत्यभामाबाई उभ्या होत्या. विळा दोन्ही हातांनी धरून त्या मागं मागं सरकत होत्या.

"काकू, मी तुळशीराम. चेंडूले आलो."

त्यानं पायाखाली पाहिलं. मडक्याच्या खापऱ्या झाल्या होत्या. मडकं, आणि ती गुरगुर. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"मडक्यात तोंड घालून तुमीच गुरगुरता का, काकू?"

"हाव."

"काऊन पण?"

"मालक गेल्यापासून एकटीच राखन करतो म्हटलं. तुमी चेंडूमागं घुसता, जवारी आडवी करता. दिवस बुडाला का दुसरे घुसतात. ते काई चेंडूसाठी येत नाईत." त्यांनी विळा खाली केला. "अस्वलाले सारे भेतात, भाऊ. मले कोन भेते?"

आपण पंधरा दिवस या बाईला भ्यालो आणि ही बाई आपल्याला भीत होती, याची तुळशीरामला लाज वाटली.

"गावात सांगशीन का?"

त्यानं सदऱ्याची बाही धरली आणि खांद्यापासून टर्रकन फाडली. मग बाजूच्या ताटांत अडकलेला चेंडू काखोटीला मारला आणि तो बाहेर आला.

"दिसलं का बे?" संघातल्या उकंडरावनं विचारलं.

"हाव. येवढं मोठ्ठं. तिकडं पुन्हा कोनी जाऊ नोका. हा गोलच उपटा, त्या आंगाले रोवू."

फाटकी बाही पाहिल्यावर कोणी शंका काढली नाही. दोघांनी लागलीच गोल उपटला.

तेवढ्यात ज्वारीतून पुन्हा गुरगुर आली. बांबू टाकून सगळे गावाकडे पळत सुटले. तुळशीरामला मात्र हसू आलं. काकू भलत्याच हुशार, वेळ बरोबर साधली.

मग ते हसू ओठांवरच विरलं. मडकं तर फुटलं होतं.

तोंडानंच केला असेल आवाज, त्यानं स्वतःला समजावलं.

"काकू!"

उत्तर आलं नाही. ज्वारीची कणसं मात्र एका रांगेत, काकू होत्या त्या दिशेनं हलत गेली.

"पळ बे!" लांबून शेषराव ओरडत होता. "चेंडू घेऊन पळ!"

तुळशीरामनं चेंडू तिथंच टाकला. उपटलेल्या गोलाचा एक बांबू उचलला आणि तो ज्वारीत शिरला.